लाडकी जोडी

प्रयोगशाळेत सगळे तिला धाकटी म्हणत, कारण तिच्यानंतर तिथे कोणी आलंच नव्हतं. तिला काम शिकवलं ताईंनी. ताई तिथल्या प्रमुख, पण धाकटीच्या डब्यातला घास हक्काने उचलणाऱ्या.

ब्रुसेलाचे, म्हणजे गुरांकडून माणसाला येणाऱ्या तापाचे जंतू वाढायला मुलखाचे आळशी. प्लेटच्या खळग्यांत औषध घालून त्यांना सोडलं की पहिल्या दिवशी सगळेच खळगे स्वच्छ दिसतात, औषध लागू पडो वा न पडो. "दुसऱ्या दिवसाआधी निकाल वाचणाऱ्याचे कान मी स्वतः उपटीन," असं ताईच दम देत.

या खेपेचे जंतू धाकटीच्या दादाच्या रक्तातले होते. दादा गुरांचा डॉक्टर. अडलेली गाय सोडवताना दुखणं घेऊन आला. ताप एकदा उतरून पुन्हा उलटला होता. आता कोणतं औषध एकटं चालतं आणि कोणती जोडी, ते पाहायचं होतं. त्यातली एक नवी जोडी ताईंची फार लाडकी. परिषदेत त्या तिच्यावरच बोलणार होत्या.

दुसऱ्या दिवशी धाकटीने प्लेट उजेडात धरली. नेहमीच्या जुन्या जोडीचे खळगे लख्ख, लाडकीचे जंतू वाढून गढूळ. एकटी असताना बरी वागणारी दोन औषधं एकत्र येताच एकमेकांचे पाय ओढत होती.

हातमोजे काढून ती बाहेर आली, तर दादाचा फोन.

"काय गं शास्त्रज्ञ, ताईंनी कालच आमच्या डॉक्टरांना निकाल कळवला. नवी जोडी सुरूसुद्धा झाली."

"काल?"

"हो. तुला नाही सांगितलं?"

ती ताईंच्या खोलीत गेली, तेव्हा ताई भाषणाची चित्रं लावत बसल्या होत्या.

"तुम्ही काल प्लेट वाचलीत?"

"सगळी स्वच्छ होती गं."

"काल सगळीच स्वच्छ असते. आज लाडकी गढूळ आहे."

ताईंनी पुढचं चित्र लावलं. "उद्या माझं भाषण होऊ दे. मग प्लेट पुन्हा लावू. तेवढ्यात आपल्या दादाला काही होत नाही."

'आपल्या' म्हणताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच मायेचा होता. धाकटीला तोच जास्त झोंबला. तिने तिथेच उभं राहून दादाच्या डॉक्टरांना फोन लावला.

"कालचा निकाल वेळेआधी वाचलेला आहे. नवी जोडी थांबवा. जुनीच चालते आहे."

"निदान बाहेर जाऊन तरी बोलायचंस," ताई म्हणाल्या.

"माझ्या पाठीमागे तुम्ही बोललात. मला तसं जमत नाही."