न धुतलेलं बोट

रविवारी सकाळी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर जलगुरू बसलेले. पुढ्यात संत्र्यांची टोपली, साखर मोजायचं मशीन आणि पाण्याचं मोठं काचेचं भांडं.

"आधी संत्रं सोला. प्रेमानं सोला! तुम्ही आजारी आहात हे फळालाही कळू दे," जलगुरू म्हणाले. मग बोटाला टोचणी. तीनशे बासष्ट! लोकांनी श्वास रोखला. "आता दहा मिनिटं दोन्ही हात माझ्या जलात. पेशी न् पेशी धुऊन निघेल." दहा मिनिटांनी हात पुसून पुन्हा टोचणी. एकशे एकाहत्तर! टाळ्यांचा नुसता कडकडाट.

ज्या बोटावर हा चमत्कार घडला ते कुणा भोळ्याभाबड्याचं नव्हतं. ते एका निवृत्त विज्ञानशिक्षकाचं होतं. गल्लीत त्यांना 'पुरावासर' म्हणत. सर खरं तर भांडाफोड करायला आले होते, खिशात प्रश्नांची यादीही होती. पण स्वतःच्या साखरेचा आकडा निम्म्यावर आलेला पाहिला आणि यादी खिशातच राहिली.

दोन महिने सर दर रविवारी गेले. गोळ्या बंद केल्या. एका रुग्णालयातल्या मधुमेहावरच्या संशोधनात ते सामील होते. रोज गोळी घ्यायची आणि साखर तपासून वहीत लिहायची, एवढंच काम. सरांनी वहीत फक्त रविवारचे, जलात हात बुडवल्यानंतरचे आकडे टिपले, गोळ्यांबद्दल अवाक्षर लिहिलं नाही. एवढ्यावर थांबतील तर ते सर कसले! त्यांनी थोरल्या बहिणीलाही पटवलं. ताई चौदा वर्षं इन्सुलिनवर होती. "तू म्हणतोस म्हणजे खरंच असणार," ती म्हणाली. येत्या रविवारी ती इन्सुलिन सोडणार होती.

शुक्रवारी सर तपासणीला रुग्णालयात गेले. नर्सबाईंनी अहवाल पुढे सरकवला. "रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, आठ टक्क्यांवरून साडेदहावर गेलीय. गोळ्या घेता ना?"

"तुमच्या प्रयोगशाळेतच गडबड असेल. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय!" आणि सरांनी सगळी जलकथा साग्रसंगीत ऐकवली.

नर्सबाईंनी डब्यातलं संत्रं काढून सोललं आणि स्वतःच्या बोटाला टोचलं. दोनशे अठ्ठ्याण्णव.

"अहो, तुम्हालाही मधुमेह?" सर घाबरले.

"मला काहीही नाही." बाईंनी साबणानं हात धुतले, कोरडे केले, दुसरं बोट टोचलं. पंच्याण्णव. "साखर रक्तात नव्हती, सर. बोटावर होती. रसाचा थर रक्ताच्या थेंबात मिसळला की मशीन तोही मोजतं. तुमचे जलगुरू फक्त लोकांचे हात धुऊन घेतात."

सरांनी स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. परीक्षानळी धुतली नाही म्हणून तीस वर्षं ते पोरांचे दोन-दोन गुण कापत आले होते.

"आणि तुमच्या या वहीवरून आम्ही उद्या दुसऱ्यांची औषधं ठरवली असती," बाई म्हणाल्या.

सरांनी तिथूनच ताईला फोन लावला. ताई ऐकेना. "जलगुरू म्हणालेच होते, शेवटच्या क्षणी घरचेच मागे ओढतात."

रविवारी ताई पहिल्या रांगेत बसली होती, इन्सुलिन पर्समध्ये. सर व्यासपीठावर चढले. लाजेनं कान तापले होते. "मी पुरावासर. मी मूर्ख आहे, याचा पुरावा घेऊन आलोय." त्यांनी टेबलावर साबणाची वडी ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. मग वळले. "जलगुरू, तुम्हाला मधुमेह नाही ना? मग संत्रं सोला आणि हात न धुता तसंच बोट पुढे करा."

जलगुरूंनी दोन्ही हात शालीत घातले. "माझं रक्त यंत्राच्या पलीकडचं आहे."

ताई उठली. तिनं संत्रं सोललं, टोचून घेतलं. चारशे दहा. मग साबण उचलून ती मागच्या नळावर गेली, हात धुऊन पुसून आली. एकशे अडुसष्ट.

"अगं बाई, नळच गुरू निघाला की!" ती म्हणाली.

आधी कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळं सभागृह. जलगुरू मागच्या दारानं कधी सटकले ते कळलंही नाही.

"आकडा पाहून हरखू नका, तो कसा आला ते आधी विचारा," सर म्हणाले. "हात धुऊन, कोरडे करून तपासा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नका. मी सोडलं होतं, म्हणून सांगतोय."

ताईनं पर्स उघडून इन्सुलिन जागेवर आहे ना ते पाहिलं.

"ताई, किती गुण देशील मला?"

"शून्य," ताई म्हणाली. मग ओली वडी तिनं त्यांच्या हातावर ठेवली. "बरं, साबण आणलास त्याचे दोन."