शिळ्या पाण्यातला पाहुणा

“या घरात पाण्यावाचून कुणी मेलं नाही, आणि शिवाच्या कृपेनं कधी मरणारही नाही!”

चनबसप्पांनी ओसरीवर उभं राहून हे जाहीर केलं, त्याच सकाळी त्यांच्या घरातला तिसरा मासा मेला. मेला तो पाण्यातच, त्यामुळे विधान तसं खोटं ठरलं नाही.

निमित्त होतं दुसऱ्या नळाचं. मोरीतला पहिला नळ उन्हाळ्याच्या शेवटी आला होता, आता स्वयंपाकघरातही आला. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतली पाचसहा माणसं पेढा खाऊन नळाची तोटी फिरवून बघत होती. त्यांच्या मागून बिरप्पा पाणक्या ओंजळीत मेलेला मासा घेऊन आला आणि भाषण संपायची वाट बघत उभा राहिला.

“मालक, तिसरा बी गेला.”

“आत्ताच सांगायचं होतं का रे?” चनबसप्पा दातांतल्या दातांत म्हणाले. “एक राहिला. तो गेला की तूही सुटलास, ध्यानात ठेव.”

यात धमकी नव्हती, साधा व्यवहार होता. वळसंगच्या धनगराचा हा बिरप्पा तीस वर्षं गल्लीतल्या आडाचं पाणी शेंदून या घरात भरत आला होता. कुठल्या आडाच्या पाण्यात डाळ शिजते आणि कुठल्यात नुसतीच उकळते, हे तो जिभेवर थेंब ठेवून सांगायचा. पण नळ आला आणि नळाला ना तंबाखू लागत होती ना जत्रेची सुट्टी. बिरप्पा त्याच महिन्यात घरी बसला असता. पण तेवढ्यात गिरणीचा गोरा साहेब सहा महिन्यांसाठी विलायतेला निघाला आणि मडमेनं काचेच्या पेटीतले चार सोनेरी मासे सांभाळायला चनबसप्पांकडे ठेवले. चनबसप्पा त्याच गिरणीचं सूत विकायचे. साहेबानं वाघ ठेवला असता तरी त्यांनी माडीवर बांधून घेतला असता.

“मासे आहेत तोवर राहा,” ते बिरप्पाला म्हणाले होते.

तेव्हापासून बिरप्पा रोज सकाळी पेटीला हात जोडायचा. घरी बायकोला, तानाबाईला, सांगायचा, “चार मासं दोन माणसं पोसत्यात. लई उपकार हायत.”

आता एकच मासा दोन माणसं पोसत होता, आणि तोही पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होता.

माशांची आबाळ झाली म्हणावं तर तसंही नव्हतं. घरच्या मालकीणबाई बसम्माअक्कांचा नियम कडक होता. काल भरलेलं पाणी आज घरात राहता कामा नये. सकाळी हंडे, घागरी, तपेली सगळी उपडी व्हायची, चिंच लावून लखलखायची आणि नव्यानं भरायची. पाहुण्याला शिळं पाणी दिलं तर घराची अब्रू गेली. मासे तर साहेबाचे पाहुणे. म्हणून त्यांची पेटीही रोज राखेनं घासली जायची आणि नळाच्या ताज्या पाण्यानं काठोकाठ भरायची. इतक्या स्वच्छतेत तीन जीव गेले होते.

पेढे खाऊन मंडळी पांगली तसा बिरप्पानं नळाखाली ओंजळ धरली. वास घेतला, थेंब जिभेवर ठेवला आणि थुंकला. गावात पटकीच्या साथीची भीती होती म्हणून नळाच्या पाण्यात पांढरी पूड पडत होती. त्या पुडीनं माणसं वाचली, हे खरं. माशांना कुणी विचारलं नव्हतं.

बिरप्पाला बाप आठवला. वळसंगला नवी विहीर लागली तेव्हा मेंढरं तिच्या पाण्याला तोंड लावीनात. बापानं दगडी डोण भरली आणि एक दिवस तशीच उघडी ठेवली. “पानी नवं हाय,” तो म्हणाला होता, “जरा वारा लागू दे.” दुसऱ्या दिवशी मेंढरं प्याली.

पण या घरात पाणी रात्रभर ठेवायचं कशात? प्रत्येक भांडं सकाळी उपडं व्हायचं. तेव्हा त्यानं घरून तानाबाईची मातीची घागर आणली, नळावर भरली आणि जळणाच्या खोलीत तोंड उघडं ठेवून लपवली. दुसऱ्या दिवशी पेटी घासली नाही. चार तांबे पाणी काढलं, घागरीतलं चार तांबे घातलं, आणि चोरासारखा बाजूला झाला.

असे आठ दिवस गेले. मासा वर येऊन धापा टाकायचा थांबला. नवव्या दिवशी बसम्माअक्का शेणी काढायला जळणाच्या खोलीत गेल्या.

“अय्यो शिवने! बिरप्पा, हे कधीचं पाणी?”

“कालचं, अक्का.”

“कालचं? माझ्या घरात? आणि हे तू साहेबाच्या माशाला पाजतोस?”

“व्हय की.” बिरप्पानं मान खाली घातली. “अक्का, पाव्हन्याला आपण रोज नवं घर द्याया लागलो. जुनं अंगाला लागायच्या आत नवं. त्यो दमला. त्या पुडीचा वास उडाल्याबिगर ते पानी त्याला सोसत न्हाय. मला हाकला, पर पेटी घासू नका.”

बसम्माअक्का पेटीपाशी गेल्या. काचेवर हिरवट साय धरली होती. तिच्याआडून मासा शेपटी हलवत आला आणि अक्कांकडे तोंड करून थांबला.

दुसऱ्या सकाळी घरातली सगळी भांडी उपडी झाली. एक घागर तेवढी भरलेली राहिली. तिच्या तोंडावर कुणीतरी धुतलेलं विरळ फडकं बांधलं होतं, वारा लागेल आणि कचरा पडणार नाही असं.

दिवाळीनंतर मडम आली. ओसरीवर खुर्ची, गळ्यात हार. चनबसप्पांचं भाषण तयार होतं.

“चार था,” मडम पेटीकडे बघत म्हणाली. “एक कैसा?”

“त्याचं असं आहे मडमसाहेब, सोलापूरची हवा...”

“हवा नाही.” दाराआडून बसम्माअक्कांचा आवाज आला. त्या आजवर परक्या माणसासमोर बोलल्या नव्हत्या. “तीन मी घालवले. रोज ताजं पाणी घालून. हा एक बिरप्पानं राखला, शिळ्या पाण्यात. आधी मला चोरून, मग माझ्या देखत.”

सोबत आलेल्या गिरणीच्या कारकुनानं ते मडमेला समजावलं. मडम गंभीर झाली. मग तिनं बिरप्पाकडे बोट केलं.

“ये बुढ्ढा आदमी,” ती म्हणाली, “बुढ्ढा पानी लेके रोज बंगला आएगा. हमेशा.”

बंगल्यावरही नळ होता, आणि बंगल्यावरचं पाणीही एका रात्रीत शिळं होत होतं, हे सांगायची बिरप्पाला गरज वाटली नाही.

चनबसप्पांना मात्र गहिवरून आलं. सूत वाचलं होतं. पेटी मोटारीत चढली, शेजारी शिळ्या पाण्याची घागरही चढली आणि मालकांनी बिरप्पाच्या खांद्यावर हात ठेवला.

“मंडळी, या माणसानं आमच्या घराण्याचं नाव राखलं! बिरप्पा, आज लाजू नकोस. माग, काय हवं ते माग!”

सगळी पेठ कान देऊन उभी राहिली. बिरप्पानं पेटीला हात जोडले, दाराआडच्या अक्कांना जोडले, मग मोटारीकडे बघत घसा साफ केला.

“मालक, ती घागर तेवढी सांजच्याला माघारी धाडा म्हनावं. तानाबाईकडं एकच हाय. चार म्हैनं झालं, डब्यानं पानी भरतीया.”