दुकानात न मिळणारी पुंगळी

मित्रांनो, मला शोधायला कपाटे उघडू नका. स्वयंपाकघराच्या खिडकीत, मिठाच्या बरणीशेजारी उभी आहे ना, तीच मी. मी एक जुनी पितळी पुंगळी आहे. काडतुसाची पुंगळी. गोळी उडून जाते, दारू जळून जाते, मागे उरते ती मी. नाव मात्र सगळे गोळीचे होते. होऊ दे. मला माझी किंमत ठाऊक आहे.

माझ्या बुडावर माझे नाव कोरले आहे: दोनशे एकोणसत्तर वुल्सी-ब्रँडन. एका दमात म्हणून दाखवा बरे! आमचे घोडे पहिल्यांदा अडले ते इथेच. शिकारी दुकानात यायचा, माझे नाव घेताना दोनदा अडखळायचा, कानकोंडा व्हायचा आणि शेजारचे सुटसुटीत नावाचे काडतूस मागून घ्यायचा.

कारखान्यात एका पितळी चकतीला दाबून दाबून मला लांब केले, मान आवळली, खांदे काढले. अशी मान आणि असे खांदे दुसऱ्या कुणाचे नव्हते, हे मी तोंडाने सांगते. का सांगू नये? पण ज्यांनी मला इतक्या मायेने घडवले, त्यांनीच माझ्यासाठी बंदूक मात्र चुकीची बनवली. बंदुकीच्या नळीत आतून पीळ कोरलेला असतो. त्या पिळामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरते आणि सरळ जाते. कारखान्यातल्या शहाण्यांना वाटले, माझ्यातून हलक्या गोळ्याच उडणार. म्हणून त्यांनी पीळ सैल ठेवला. डोंगरातल्या लोकांना तर एल्क पाडायचे होते. एल्क म्हणजे घोड्याएवढे हरीण. त्यांनी माझ्यात लांब, जड गोळ्या बसवल्या. सैल पिळातून त्या डुलत गेल्या आणि निशाणाच्या कागदावर आडव्या आदळल्या. चूक नळीची, बोल मला!

पुढे कारखान्याने पीळ घट्ट केला. पण तोवर दुसऱ्या एका कारखान्याचे काडतूस बाजारात येऊन बसले होते. माझ्याहून ते रतीभरही सरस नव्हते. फक्त वेळेवर आले आणि धड बंदुकीत आले. मग लोक तेच घेत म्हणून दुकानदार तेच ठेवू लागले, आणि दुकानात तेच असे म्हणून लोक तेच घेऊ लागले. त्या फेऱ्यात मी मागे पडले. अंगात धमक नव्हती म्हणून नव्हे. हे नीट ऐकून ठेवा.

अमेरिकेतल्या मोंटानाच्या एका खोऱ्यात आयनर हॅलवर्सन नावाचा मेंढपाळ होता. त्याने घट्ट पिळाची वुल्सी बंदूक आणली आणि तिच्याबरोबर आम्ही पुंगळ्या आलो. आयनर गेल्यावर बंदूक त्याच्या बायकोकडे, सिग्नेकडे आली. सिग्नेची शाळा लहानपणीच सुटली होती, कोकरांना बाटलीने दूध पाजायला घरात दुसरे कुणी नव्हते म्हणून. पण हात असा, की तिने एकदा लावलेले दार वाऱ्यालाही उघडत नसे. मग कारखान्याने मला बनवणेच बंद केले. सिग्ने म्हणाली, "बरं झालं. आता जुन्याच पुंगळ्या मी भरीन, मध्ये कुणी नाही."

रानचेरीचा मुरांबा बरण्यांत भरून झाला, की त्याच टेबलावर आमची पाळी. ती आम्हाला धुई. एकेकीची मान आचेवर धरी आणि रंग जरा पालटला की पाण्यात सोडी. असे केले नाही तर वारंवार उडून मान ताठर होते आणि तडकते. मग बुडाला नवी ठिणगीची टोपी, पोटात तराजूवर तोललेली दारू, वरून हातयंत्राने दाबून बसवलेली गोळी. पण या सगळ्याच्या आधी ती आमच्या मानेवरून नख फिरवी. नख तड्यात अडकले की ती पुंगळी भंगाराच्या डब्यात. त्या नखाला मी जेवढी भ्यायले, तेवढी आगीलाही भ्यायले नाही.

एका उन्हाळ्यात सिग्नेचा मुलगा लायल टेबलापाशी येऊन उभा राहिला. त्याच्याकडे त्या खपणाऱ्या काडतुसाची नवी बंदूक होती.

"आई, ही काय भातुकली मांडतेस दरवर्षी? दुकानात जावं, खोकं उचलावं, मोकळं व्हावं."

"दुकानात बायको मिळत नाही म्हणूनच तू अजून बिनलग्नाचा राहिलायस."

"थट्टा सोड. मी बंदूकवाल्याशी बोललोय. बाबांच्या बंदुकीला माझ्या बंदुकीसारखी नळी बसवून देतो म्हणाला. मग दोघांना एकच काडतूस."

"आणि या?" सिग्नेने आमच्याकडे बोट केले.

"या भंगारात. आई, या पुंगळ्या आज ना उद्या संपणारच. मग ती बंदूक म्हणजे नुसती काठी."

माझ्या पितळेला घाम फुटला, मित्रांनो. नळी गेली की आम्ही सगळ्याच गेलो.

सिग्नेने हातातली पुंगळी पुसून खाली ठेवली. "ऐक. या शिकारीच्या मोसमात वुल्सीनं एल्क पाडलं, तर मी असेपर्यंत बंदुकीला हात लावायचा नाही. नाही पाडलं, तर ने तुझ्या बंदूकवाल्याकडे. मी दार अडवायला उभीही राहणार नाही."

"ठरलं," लायल म्हणाला. त्याला वाटले, जिंकलोच.

उन्हाळाभर तो कुरणातल्या खारींवर धडाधड गोळ्या उडवत राहिला. पुंगळ्या उडाल्या तिथेच गवतात पडून राहत. संपल्या तर दुकान आहेच की!

मोसम उघडायच्या आदल्या दिवशी तो खोके आणायला ऑर्विलच्या दुकानात गेला. सिग्ने कॉफी घ्यायला बरोबर होती आणि मी तिच्या कोटाच्या खिशात, भरलेली. दुकानदार ऑर्विलने रिकाम्या फळीकडे हात केला.

"संपलं, लेका. सगळ्या खोऱ्याला तेच लागतं. पुढच्या आठवड्यात चक्कर मार."

"अरे, मोसम उद्या उघडतोय!"

"म्हणूनच तर संपलं." मग ऑर्विल सिग्नेकडे वळला. "सिग्नेबाई, तुमचं ते लांबलचक नावाचं तर मी कधी ठेवलंच नाही."

"ठेवलं नाहीस म्हणूनच आज माझं अडलं नाही. कॉफी दे, आणि ताजी दे."

लायलने शेजारीपाजारी विचारले. पण मोसमाच्या तोंडावर आपले काडतूस कोण देतो? तो हात हलवत घरी आला. सिग्ने म्हणाली, "उद्या चल माझ्याबरोबर. बंदूक राहू दे घरी. पाठ घेऊन ये, मांस वाहायला लागेल."

सकाळी ताजा बर्फ पडला होता. इतर शिकाऱ्यांना लांबून दिसावे म्हणून दोघांच्या अंगावर भडक नारिंगी जाकिटे होती. उजाडता उजाडता घळीच्या पलीकडच्या उतारावर एक नर एल्क झाडीतून बाहेर आला आणि बर्फ उकरून गवत खाऊ लागला. सिग्नेने पडलेल्या ओंडक्यावर कोट ठेवला, कोटावर बंदूक टेकली. नळीत मी होते.

"फार लांब आहे, आई," लायल कुजबुजला.

"तुझ्या लग्नापेक्षा जवळ आहे."

खोटे कशाला बोलू? मी मनातून हादरले होते. कितीदा भरले गेले, कितीदा उडाले. मान आज तडकली तर? आणि नेम चुकला तर बंदूक गेलीच. सिग्नेने श्वास सोडला. तिने बंदुकीचा घोडा ओढला. माझ्या पोटात वणवा उसळला, मी नळीच्या भिंतीला घट्ट चिकटले आणि गोळीला घट्ट पिळात लोटून दिले. जा, बाई, सरळ जा!

एल्क दचकले, दोन उड्या मारून देवदारांच्या आड गेले. सिग्नेने बंदुकीचा खटका मागे ओढून मला बाहेर फेकले, नवे काडतूस नळीत घातले. मी उडून बर्फात पडले. सुस्कारा टाकत खोल रुतले.

"गेलं! आई, पळालं ते! चल ना!"

गोळी चुकून सुटू नये म्हणून सिग्नेने बंदुकीची कळ लावली, ती ओंडक्याला टेकवली आणि गुडघ्यांवर बसून बर्फ उकरू लागली.

"आई, काय करतेस? एल्क जाईल!"

"ते कुठं जात नाही. ही हरवली तर कारखाना देणार आहे का नवी?"

"एका पुंगळीसाठी!"

"हो, एकीसाठी. तू गवतात किती टाकल्यास, आठव जरा."

तिच्या बोटांना मी लागले. तिने मला बाहेर काढले, फुंकर मारली आणि मानेवरून नख फिरवले. ते नख सर्रकन घसरले, मित्रांनो, कुठेही अडले नाही!

"शाबूत," ती म्हणाली. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मान तो.

मग ती उठली आणि शांतपणे घळ ओलांडून गेली. पहिल्याच देवदारामागे एल्क आडवे पडले होते. गोळी जिथे लागायला हवी, तिथेच लागली होती. लायलने टोपी काढली.  नंतर त्याने एक आख्खी मांडी पाठीवर घेतली आणि खाली उतरताना कितीदा तरी घसरून आपटला. सिग्ने पुढे चालत होती. मागे न बघता ती म्हणाली, "जपून. माझा हिवाळा आहे तुझ्या पाठीवर."

त्या दिवशी कढईत यकृत आणि कांदा तळला जात असताना लायल हळूच म्हणाला, "आई, माझ्याच बंदुकीला वुल्सीची नळी बसवून घेऊ का?"

"खबरदार! आज तू घेशील, उद्या खोरं घेईल आणि परवा ऑर्विलच्या फळीवर हीही संपलेली असेल. त्यापेक्षा बर्फ वितळला की कुरणात जा आणि तुझ्या पुंगळ्या वेचून आण."

आणि त्याने आणल्या! ज्या काडतुसाने मला बाजारातून हुसकले, त्याच्याच पुंगळ्या चिखलाने माखून आमच्याच टेबलावर आल्या. लायलने त्या एकेक करून धुतल्या, माना आचेवर धरल्या. पहिल्या काही करपवल्या, आणि सिग्नेने त्याचा यथास्थित उद्धार केला. वुल्सी बंदूक खुंटीवर जशीच्या तशी आहे, तीच नळी, तोच पीळ. बंदूकवाल्याचे नाव घरात पुन्हा निघाले नाही. मला सिग्नेने खिडकीत ठेवले. "हिला आता भरायची नाही," ती म्हणाली. "हिनं विसावा कमावलाय."

तर मित्रांनो, जे दुकानाच्या फळीवर नाही, ते कमअस्सल, असे कधी समजू नका. हातातली वस्तू धुवा, पुसा, जपा. जुनी झाली म्हणून टाकायला निघालात, तर आधी एकदा तिच्या मानेवरून नख फिरवा. नख अडकले नाही, तर ती अजून कामाची आहे.

आणि आता उभे राहा, छाती काढा आणि न अडखळता, एका दमात, मोठ्याने माझे नाव घ्या: दोनशे एकोणसत्तर वुल्सी-ब्रँडन!