वेंडेल स्कॅग्जची शेवेल

माझा नवरा काझ नकली गाड्या बनवायचा, असं सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात. त्यात चोरीमारीचं काही नव्हतं. सत्तर सालाच्या आसपासच्या त्या दांडग्या इंजिनांच्या गाड्या आता थोड्याच उरल्यात, आणि उरल्यात त्यांची किंमत घराएवढी झालीय. मग त्याच सालची, त्याच सांगाड्याची एखादी गरीब गाडी शोधायची, कुणा म्हातारीने चर्चला जाण्यापुरती वापरलेली. तिच्यात मोठं इंजिन बसवायचं, बॉनेट बदलायचं, पट्टे ओढायचे. बघणाऱ्याला फरक कळत नाही. फरक असतो तो कारखान्याच्या कागदात आणि इंजिनावर कोरलेल्या आकड्यांत. काझ गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सांगायचा, "ही खरी नाही. उद्या खरी म्हणून विकलीस तर मी स्वतः येऊन तुझं बिंग फोडीन." मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्याने अशा अकरा गाड्या केल्या. गाद्या सगळ्यांच्या मी शिवल्या. आमच्या वायनडॉट गावातल्या गॅरेजमध्ये एका कोपऱ्यात माझं मशीन होतं, बाकीची जागा त्याची.

बारावी गाडी वेंडेल स्कॅग्जची.

वेंडेल आणि काझ तीस वर्षं एकाच लाइनवर समोरासमोर उभे राहून दारं बसवत होते. वेंडेलचं घराणं केंटकीच्या डोंगरातलं, आम्ही पोलिश. वेंडेल त्याला 'पोलाक' म्हणायचा, हा त्याला 'डोंगऱ्या'. दोघांच्या शिव्या ऐकून नवीन माणसाला वाटायचं आता मारामारी होणार. व्हिएतनामहून परत आल्यावर वेंडेलने साठलेल्या पगारात एक शेवेल गाडी घेतली होती, सत्तर सालची, किरमिजी, काळ्या पट्ट्यांची, सगळ्यात मोठ्या इंजिनाची. ऐंशी साली कारखान्याने माणसं घरी बसवली, दोन पोरं खाणारी, तेव्हा त्याने ती ओहायोच्या एका माणसाला कवडीमोलाने विकली. त्यानंतर चाळीस वर्षं त्याने ती गाडी आम्हाला ऐकवली. आमच्याकडे पत्ते खेळायला बसला की तिसऱ्या डावाला शेवेल यायचीच. बायको गेली तेव्हा तो फारसा बोलला नाही, पण शेवेलबद्दल बोलताना त्याचा आवाज कापायचा.

मग त्याला फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. त्याची मुलगी डीना टोलीडोची नोकरी सोडून त्याच्या घरी येऊन राहिली. ती वृद्धाश्रमात मदतनीस होती, उचलणं-बसवणं तिच्या हातातलं काम. वाटलं होतं सहा महिने काढेल, म्हाताऱ्याने सहा वर्षं काढली. थोरला क्रेग ग्रँड रॅपिड्सला, विम्याच्या धंद्यात. तो सणासुदीला यायचा.

शेवटच्या वर्षी क्रेग आमच्याकडे आला. म्हणाला, "काझकाका, बाबांची गाडी करून द्या. अगदी तशीच. जे काय होईल ते मी देतो."

"तशीच म्हणजे नकली," काझ म्हणाला. "त्याला सांगणार आहेस ना?"

"सांगणार म्हणजे काय? वरचं कापड काढलं की लगेच सांगणार."

काझने टेनेसीहून एक हिरवी मालिबू आणली, शेवेलचाच साधा, स्वस्त प्रकार. इंजिन एका जुन्या ट्रकचं, तसंच मोठं. सात महिने तो तिच्यात बुडाला होता. इतकं मन लावून काम करताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. गाद्या होत आल्या तेव्हा क्रेगचा फोन आला. "काकू, एक छोटंसं काम. शेजारच्या सीटवर कडेला सिगारेटने जळाल्याचं एक भोक होतं. आईच्या हातून पडली होती. तेवढं जमलं तर बघा ना. त्यांना मजा वाटेल."

मी सिगारेट सोडून पंधरा वर्षं झाली होती. शेजारणीकडून एक मागून आणली, पेटवली आणि नव्या कोऱ्या रेक्झिनवर टेकवली. जळका वास आला. काझने मान वर करून बघितलं आणि पुन्हा कामाला लागला. मलाही तेव्हा त्यात वावगं वाटलं नाही. वाढदिवसाची गंमत करावी, तसं वाटलं.

मे महिन्यात वेंडेलला चाकाच्या खुर्चीत बसवून अंगणात आणलं. नाकात ऑक्सिजनची नळी होती. क्रेगने कापड ओढलं. वेंडेलची नजर बॉनेटपासून मागच्या चाकापर्यंत फिरली. मग म्हणाला, "हिच्यात बसव मला." डीनाने आणि काझने त्याला उचलून शेजारच्या सीटवर ठेवलं. त्याचा हात कडेकडेने सरकत गेला आणि त्या भोकावर थांबला. बोट आत घालून तो लहान पोरासारखा रडायला लागला.

"जून," तो बायकोचं नाव घेऊन म्हणाला, "अगं जून, सापडली बघ." मग क्रेगकडे वळून विचारलं, "कुठे मिळाली रे तुला?"

आम्ही सगळे क्रेगकडे बघत राहिलो. क्रेग म्हणाला, "ओहायोत, बाबा."

घरी येताना काझ गाडीत म्हणाला, "उद्या जाऊन सांगतो."

मी म्हणाले, "कशाला? चार दिवसांचा पाहुणा आहे. मरू दे की सुखाने."

हे मी बोलले. त्यानंतर काय काय झालं, कुणी काय केलं, याचा विचार करताना मी दर वेळी या वाक्याशी येऊन अडकते.

त्या उन्हाळ्यात काझ रोज दुपारी त्याच्याकडे जायचा. दोघं खिडकीतून गाडीकडे बघत बसायचे. एकदा मी बरोबर होते. मी बटाटा भरून उकडलेले पिएरोगी केले होते, वेंडेलने अर्धाच खाल्ला. "पोलाक," तो म्हणाला, "खरं सांग. आज हिचे किती येतील? बाजारात?"

काझने माझ्याकडे पाहिलं. मी बशी उचलून आत गेले. आतून मला ऐकू आलं, "दीड लाख डॉलर कुठे गेले नाहीत, डोंगऱ्या."

पुढच्या आठवड्यात वेंडेलने वकीलबाईंना घरी बोलावलं. आम्हाला कळलं ते त्याच्याच तोंडून. मोठ्या अभिमानाने, मध्ये मध्ये थांबत, धाप लागत सांगितलं त्याने. "घर क्रेगला. एक लाख साठ हजारांचं आहे. शेवेल डीनाला. दहा हजार कमी, पण घर विकायला कटकट, गाडी उभ्या उभ्या जाईल. पोरीने माझ्यासाठी सहा वर्षं घातली. तिला हातात रोख मिळायला हवं. बरोबर केलं ना मी?"

डीना तेव्हा त्याच्या पायांना तेल लावत होती. ती म्हणाली, "बाबा, गप्प बसा आता. दम लागतोय."

काझ म्हणाला, "बरोबर केलंस."

त्यानंतर वेंडेल अकरा दिवस जगला. अकरा दिवस काझ मला रोज म्हणायचा, आज सांगतो. जायचा आणि न सांगता परत यायचा. मी विचारणं सोडून दिलं. आम्ही क्रेगला मात्र फोन केला. तो म्हणाला, "काका, सगळं झाल्यावर मी डीनाशी बोलतो. आमच्या घरातलं आहे, आम्ही मिटवू."

नाही बोलला तो.

ऑक्टोबरमध्ये डीना आमच्या दारात उभी राहिली. पुन्हा धरलेल्या कामावरचा निळा झगा तसाच अंगात. मी आत ये म्हटलं, ती आली नाही.

"काकू, तो गाड्यांची पारख करणारा माणूस आला होता," ती म्हणाली. "छोटा आरसा घेऊन गाडीखाली झोपला. वीस मिनिटांत उठला. इंजिन म्हणे चौऱ्याहत्तर सालच्या ट्रकचं. मागच्या काचेखाली हिरवा रंग. म्हणाला, बाई, ज्याने केली त्याने सोन्यासारखी केलीय, हौशी माणूस तीस हजार देईल, फार तर पस्तीस. मी त्याच्याशी भांडले. म्हटलं, माझ्या आईने जाळलेलं भोक आहे हिच्यात."

काझ माझ्यामागे येऊन उभा होता.

"ते भोक मी पाडलं," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. अशा नजरेने, की मला वाटलं हिने मला एक थोबाडीत दिली असती तर बरं.

"क्रेगला माहीत होतं?"

"हो."

"आणि तुम्ही? वकीलबाई आल्या तेव्हा?"

काझ म्हणाला, "डीना, अगं, तो मरत होता. मला वाटलं..."

"मला माहीत आहे ते मरत होते," ती म्हणाली. "त्यांचे लंगोट मी बदलत होते, काझकाका. तुम्ही खिडकीशी बसून गाडी बघत होतात."

ती गेली. काझ तसाच दाराशी उभा राहिला. मी त्याला आत ओढलं.

दुसऱ्या दिवशी तो वकीलबाईंकडे गेला. जे घडलं ते सगळं लिहून द्यायला तयार आहे म्हणाला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मृत्युपत्रात 'माझी सत्तर सालची शेवेल' एवढंच आहे, किंमत कुठेच लिहिलेली नाही, त्या म्हणाल्या. डीनाला भांडायचं तर तिने भांडावं, पण खटल्याच्या खर्चात गाडी तर जाईलच, वर आणखी काही जाईल. तिथून काझ गाडी हाकत थेट ग्रँड रॅपिड्सला गेला. क्रेगने कॉफी दिली. "काका, अडतीस हजार मी घातलेत त्यात," तो म्हणाला. "घर तर माझंच, आणि पैसे मी घातले म्हणजे खरं तर गाडीही माझीच होती. मी ती तिला मिळू दिली. आणि किंमत विचारली तेव्हा दीड लाख कोण बोललं? मी की तुम्ही?"

काझ कॉफी न पिताच परत निघाला.

क्रेगने डिसेंबरपर्यंत घर विकलं. डीना दोन खोल्या भाड्याने घेऊन राहिली. आम्ही दोघांनी विचार करून ठेव मोडायची ठरवली. काझ तिच्याकडे जाऊन म्हणाला, "साठ हजार देतो. गाडी मला दे."

"किती हजारांची आहे ती?"

"पस्तीस."

"मग वरचे पंचवीस कसले? तुमच्या झोपेसाठी?" ती म्हणाली. "नाही विकायची मला. माझी जुनी गाडी बंद पडलीय, कामावर जायला एक हवीच होती."

आमच्याकडे त्या काळातली गाडी थंडीत कुणी बाहेर काढत नाही. रस्त्यावर मीठ टाकतात, ते पत्रा खातं. डीनाने ती गाडी पूर्ण हिवाळा रोज वापरली, बर्फात, मिठाच्या चिखलात. गॅरेज नव्हतं, ती रस्त्यावरच उभी असायची. काझने दोनदा निरोप पाठवला, निदान खालून धुऊन देतो. उत्तर आलं नाही. जानेवारीत त्याने गाडी उचलायचं यंत्र विकलं, मग वेल्डिंगचा संच. माझं मशीन मी वर माडीवर नेलं. पडदे, उशा असलं काही शिवते.

मार्चमध्ये वाणसामान घ्यायला गेलो तर ती गाडी तिथे उभी होती. किरमिजी रंग ओळखूच येत नव्हता, राखाडी झालेला. दाराच्या खालच्या कडेला रंगाला फोड आले होते. काझने वाकून एका फोडावर अंगठा दाबला, पापुद्रा निघून आला आणि आत लाल गंज होता. तो तसाच वाकलेला असताना डीना पिशव्या घेऊन आली. वाळली होती. मी म्हटलं, "कशी आहेस गं?"

"बरी आहे."

तिने पिशव्या मागच्या सीटवर टाकल्या. काझ बाजूला झाला. तिने गाडी मागे घेतली तेव्हा चाकापाशी खरखर आवाज आला.

काझ काचेशी जाऊन म्हणाला, "डीना, पुढचा ब्रेक झिजलाय. असं चालवू नकोस. मी शनिवारी येतो, रस्त्यावरच बदलून देतो, तासाभराचं काम आहे. तू बाहेर येऊही नकोस."

ती समोर बघत होती. आम्हाला वाटलं आता निघून जाईल. पण तिने ब्रेकवरचा पाय काढला नाही.

"शनिवारी मी कामावर असते," ती म्हणाली. "रविवारी या. किल्ली पायपुसण्याखाली ठेवीन. बेल वाजवू नका."

रविवारी काझ गेला. मी गाडीत बसून राहिले. गारठा होता, रस्ता ओला. तो गोणपाट अंथरून तासभर चाकाखाली पडून होता. वरच्या खिडकीचा पडदा ओढलेला होता, हलला नाही. काम झाल्यावर त्याने हात पुसले, किल्ली पायपुसण्याखाली ठेवली आणि येऊन बसला. त्याची बोटं इतकी काकडली होती की गाडी मलाच चालवावी लागली.