थंड हातांचं शॉर्टब्रेड

"दाखव हात," विल्मा म्हणाली.

ग्रेगरनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, दोन्ही तळवे आईपुढे धरले. तिनं आपली मनगटं त्यांना टेकवली आणि लगेच काढून घेतली.

"बापावर गेलायस. या हातांनी अंथरूण ऊबदार करावं, लोण्याला शिवू नये."

"कालच शिवलोय," तो म्हणाला आणि ओट्यावरच्या ताटाकडे बघायचं टाळू लागला.

ताटात त्याचा कालचा पराक्रम होता. शॉर्टब्रेड म्हणजे लोण्याचं साधं बिस्कीट, त्याला लागतं काय? एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग पीठ. पण ग्रेगरनं ते पावाच्या पिठासारखं रगडलं. लोण्याचं तेल झालं, आणि वर ते चांगलं तपकिरी होईपर्यंत भाजलं. आमच्या किनाऱ्यावर तसलं शॉर्टब्रेड घेऊन कुणाच्या दारात जाण्यापेक्षा हात हलवत गेलेलं बरं.

आणि नेमकं हात हलवत जायचं नसतं. दुसऱ्या दिवशी वर्षअखेर, हॉगमने. बाराच्या ठोक्यानंतर उंबरठ्यात पाऊल टाकणारा पहिला पाहुणा रिकाम्या हातानं आला, तर त्या घराचं वर्ष रिकामं जातं. आमच्या शोर स्ट्रीटवरच्या तेरा घरांतली माणसं त्यासाठी विल्माचं शॉर्टब्रेड घेऊन निघतात. एकतीस वर्षं झाली. विल्मानं त्याहून जास्त वर्षं बंदरावरच्या शेडमध्ये, बर्फाच्या पाण्यात हात घालून हॅडॉक मासे कापले. तिथून तिनं एकच कमाई घरी आणली: कधीही न तापणारे हात. त्या हातांत लोणी शहाण्यासारखं वागायचं.

यंदा त्या हातांची बोटं मिटेनाशी झाली होती. तिनं हे कुणाला सांगितलं नाही. गल्लीला माहीत होतं, पण तसं कुणी दाखवत नव्हतं.

"तू ये, पोरी."

माझे हात तिनं लग्नाच्या आदल्या दिवशीही तपासले होते. तेव्हा नापास, आताही नापास.

"दुकानातले डबे आणूया का?" मी विचारलं.

विल्मानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला वृद्धाश्रमाचा पत्ता दिला होता.

"गल्लीत अजून एका बाईचे हात थंड आहेत," ग्रेगर खिडकीकडे बघत म्हणाला.

"तिचं नाव या घरात घ्यायचं नाही."

ती बाई म्हणजे नेटा. तीन दारं सोडून राहते. दोघींनी एकाच टेबलाच्या दोन बाजूंना उभं राहून जन्मभर मासे कापले. मग अठरा वर्षांपूर्वी चर्चच्या मदतीसाठी भरलेल्या खाऊच्या विक्रीत नेटानं शॉर्टब्रेडमध्ये तांदळाचं पीठ घातलं, आणि लोक ते छान आहे म्हणाले. तेव्हापासून दोघींचं बोलणं हवापाण्याच्या पुढे गेलेलं नाही.

मी कुणाला न विचारता गेले. दहा मिनिटांत नेटा दारात हजर, स्वतःचा एप्रन बांधून.

"बोलावलंस म्हणे."

"मी? आमच्या सुनेला हल्ली फार पाय फुटलेत."

"मग जाऊ?"

"आलीच आहेस तर हात धू."

नेटानं नळाखाली हात धुतले, पुसले, पुढे केले. विल्मानं मनगटं टेकवली. या वेळी लगेच काढली नाहीत.

"बर्फ," ती शेवटी म्हणाली.

"तुझ्यासमोरच उभी होते ना मी. मला काय वेगळं पाणी होतं?"

नेटा पिठात लोणी चोळू लागली. विल्मा खुर्ची ओढून तिच्या कोपराशी बसली.

"बोटांच्या टोकांनी."

"मग काय, गुडघ्यांनी करतेय?"

"खिशात काय आहे तुझ्या?"

"रुमाल."

"झटक."

नेटानं रुमाल काढून तिच्या नाकासमोर झटकला. तांदळाचं पीठ काही पडलं नाही.

"खुसखुशीत होतं त्यानं, सांगून ठेवते."

"वाळूपण कुरकुरते. म्हणून काय खातो आपण?"

ग्रेगर हसत बाहेर गेला. मला हसायची सोय नव्हती, मी लोणी मोजत होते.

दुपारपर्यंत तेरा चकत्या थापून झाल्या, परकराच्या घोळासारख्या कडाही चिमटून झाल्या. आता ओव्हनमध्ये घालायच्या आधी काट्यानं भोकं पाडायची राहिली. नेटानं एप्रन सोडला आणि खाली बसली.

"मी भोकं नाही पाडत. ज्याचं शॉर्टब्रेड, त्यानं पाडावीत."

असा नियम मी या किनाऱ्यावर कधी ऐकलेला नाही. विल्मानंही ऐकला नसावा. ती काट्याकडे बघत राहिली. मग लहान मूल धरतं तसा तिनं तो दोन्ही तळव्यांत दाबून धरला. पहिली ओळ कशीबशी सरळ गेली, दुसरी दारू पिऊन घरी निघाल्यासारखी. तेरा चकत्यांना तासभर लागला. मी एकदा हात पुढे केला, तर नेटानं टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ घातली, आणि शेडमधल्या मुकादमाची गोष्ट विल्माला आणखी मोठ्यानं सांगू लागली. विल्मानं त्यातल्या दोन चुका काढल्या.

ओव्हनमधून चकत्या निघाल्या त्या अगदी हव्या तशा, ओहोटीच्या वाळूइतक्या फिक्या. नेटानं एक तुकडा मोडून खाल्ला.

"ठीक आहे," ती म्हणाली.

"ठीक आहे म्हणे," विल्मा म्हणाली, आणि तिच्यासाठी चहा टाकायला मला सांगितलं.

संध्याकाळच्या आत मी घरोघर पोचवायला निघाले. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या सँडीनं दारातच ताटावरचं फडकं उचलून पाहिलं. ती वेडीवाकडी भोकं तो वाकून ओळीओळीनं बघत गेला.

"यंदाही विल्मानंच केलंय," त्यानं मागे वळून बायकोला सांगितलं, आणि फडकं चारही बाजूंनी नीट खोचून ताट दोन्ही हातांनी आत नेलं.