मधला खांब

रॅम्पची फीत कापली तेव्हा सगळे पाहुणे वर होते आणि माझा भाऊ खाली होता. ज्याच्या नावाने रॅम्प बांधला त्याला वर न्यायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. मला वाटलं, गर्दी ओसरली की जाऊ. गर्दी ओसरली, आणि दादा तरीही खालीच राहिला.

दादाचे पाय लहानपणीच्या आजारात गेले. मिक्सर, इस्त्र्या, पंखे दुरुस्त करतो तो, आणि पालिकेच्या मार्केटमध्ये त्याचा गाळा आहे. जुन्या मार्केटमध्ये त्याची चाकांची खुर्ची थेट गाळ्यापर्यंत जायची. मग पालिकेला नवं मार्केट बांधायची हुक्की आली, आणि नव्या मार्केटची जमीन माझ्या कमरेएवढी वर गेली. पुढून नुसत्या पायऱ्या. तेव्हापासून दादा घरातच टेबल मांडून काम करत होता आणि आमच्या स्वयंपाकघरात परक्यांचे मिक्सर नांदत होते.

दिव्यांग माणसाला सार्वजनिक इमारतीत आपलं आपण जाता आलं पाहिजे, हे बघणं पालिकेवर कायद्याने बंधनकारक आहे. हे वाक्य मी त्या कार्यालयात इतक्या वेळा म्हटलंय की तिथल्या शिपायालाही पाठ झालं असेल. शेवटी मार्केटच्या बाजूने रॅम्प आला. चांगला आला, खोटं कशाला बोलू. उतार बेताचा, दोन्हीकडे कठडे. आणि त्याच्या तोंडाशी तीन लोखंडी खांब, मोटरसायकली वर चढू नयेत म्हणून.

दोन खांबांमधून खुर्ची जात होती. पण खुर्ची स्वतः चालवायची तर माणसाचे हात बाहेरून चाकावर लागतात. ते हात खांबाला अडकत होते. पहिल्याच दिवशी दादाची बोटं सोलवटली. हात मांडीवर ठेवून जावं तर चढ आहे, खुर्ची मागे येते.

मी इंजिनिअर साहेबांना बोलावून आणलं. बोलावून आणलं हे दोन शब्द झाले, पण त्यात माझ्या चपला झिजल्या. साहेबांनी दादाला कठड्यावर बसायला लावलं आणि कारकुनाला सांगितलं, "खुर्ची ढकल." रिकामी खुर्ची सुळकन आत गेली. कारकुनाने फोटो काढला.

"जातेय की," साहेब म्हणाले.

"खुर्ची जातेय साहेब. माणूस अडकतोय."

"माप खुर्चीचंच घेतात, ताई. माणसाचं घेत नाहीत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कठड्यावर अवघडून बसलेला दादा मात्र शांतपणे खांबाच्या बुडाकडे बघत होता.

"मधला खांब तेवढा काढा," मी म्हटलं.

"काढायचा तर प्रस्ताव लागतो, मग मंजुरी. आणि एवढं कशाला? मागून ढकलायला तुम्ही आहातच की."

नेमकी मीच नव्हते. दुसऱ्या गावच्या दवाखान्यात मला नर्सची नोकरी लागली होती, आणि सोमवारी हजर व्हायचं होतं. एकदा अशीच आलेली नोकरी मी घरासाठी सोडली होती. इकडे महिनाअखेरपर्यंत उघडला नाही तर गाळा दुसऱ्याला जाणार होता. म्हणजे एक तर दादाचा गाळा जाणार, नाही तर माझी नोकरी. आणि साहेबांच्या कागदावर तक्रार निकालात निघालेली.

त्या रात्री मी म्हटलं, "दादा, मी कळवून टाकते त्यांना, येत नाही म्हणून."

"तू तुझी बॅग भर," तो म्हणाला. "आणि माझं टेबल न्यायला टेम्पो सांग."

दादाचं टेबल म्हणजे जाड लाकडाचं धूड आहे, वर वस्तू आवळून धरायचा पोलादी शेगडा ठोकलेला. माझी गाडी शनिवारी दुपारची होती. त्या सकाळी टेम्पोवाल्याने टेबल रॅम्पच्या तोंडाशी उतरवलं आणि तो निघून गेला. दादाने खुर्ची टेबलाला लावली, अवजारांची पेटी उघडली आणि एक मिक्सर खोलायला घेतला.

"इथे?" मी म्हटलं.

"वर जाता येत नाही तोवर इथे."

गिऱ्हाइकं जमली. भाजीवाली म्हणाली, "बरं झालं, पायऱ्या चढायला नकोत." मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

ज्या पालिकेला एक रॅम्प बांधायला दोन पावसाळे लागले, तिचा अतिक्रमणाचा ट्रक आमचा चहा संपायच्या आत हजर झाला. मुकादम खाली उतरला. आडवा, घामेजलेला, सकाळीच वैतागलेला माणूस.

"रस्त्यात टेबल मांडता येत नाही, दादा. गाळा नाही का तुम्हाला?"

"आहे. वर. पंख्यांच्या दुकानाशेजारी."

"मग तिथे बसा ना, बाबा."

"टेबल वर पोचवा, बसतो."

मुकादमाने पायऱ्यांकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं, आपल्या दोन माणसांच्या पाठींकडे बघितलं. मग ट्रकमधून हातगाडी काढायला लावली. ड्रायव्हरला धरून चौघांनी टेबल तिच्यावर चढवलं आणि गाडी रॅम्पकडे वळवली. ती खांबांना थडकून थांबली.

"हे कोणी ठोकलंय इथे?" मुकादम म्हणाला.

"तुम्हीच," मी म्हटलं. "म्हणजे पालिकेनेच."

तो खाली वाकला. खांबाच्या बुडाशी नट होते. "पान्हा आहे का कोणाकडे?"

दादाने पेटीत न बघताच पान्हा काढून पुढे केला. तो वरच ठेवलेला होता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पालिकेच्या खांबाला आपण हात लावला तर गुन्हा, पालिकेच्या माणसाने लावला तर काम.

गाडी वर गेली, तेवढ्यात साहेब धावत आले. मधला खांब रस्त्यावर आडवा पडला होता.

"कोणाला विचारून काढला? आत्ताच्या आत्ता परत बसवा."

मुकादमाने पान्हा पुसून दादाच्या हातात दिला. "अडथळा काढणं माझ्या खात्यात येतं, साहेब. बसवणं तुमच्या. प्रस्ताव टाका, मंजुरी आली की बसवून टाकू."

मंजुरीला किती दिवस लागतात, हे तिथे साहेबांइतकं फक्त मला ठाऊक होतं. मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं.

मी सवयीने खुर्चीच्या मागे गेले.

"सोड," दादा म्हणाला.

मी हात काढले. त्याने सोलवटलेली बोटं चाकांवर टेकवली आणि जोर लावला. खांबाच्या जागेवर खुर्ची जरा धडधडली. अर्ध्या चढावर तो दम घ्यायला थांबला, तशी मी पुढे झाले. मुकादमाने हात आडवा धरला. "जाऊ द्या, ताई. जातायत ते."

दादा वर पोचला. त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. शर्ट घामाने भिजला होता. माझे हात अजून तसेच पुढे धरलेले होते, आणि त्यांचं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

"उभी काय राहिलीस?" तो वरून म्हणाला. "तुझी गाडी चुकेल."