मन्मथच्या मळ्यातील निळी वाईन

वाचकहो, निलंगा तालुक्यातील एका मळ्यात तांबडी वाईन भर दुपारी निळी कशी झाली, त्या निळाईपायी एका कुटुंबाने पोटच्या लेकरांप्रमाणे वाढवलेल्या वेलींवर कुऱ्हाड कशी उगारली गेली आणि ती खाली येण्यापूर्वी काय घडले, तो वृत्तांत येथे यथामती कथन करीत आहे. कथकाचे विज्ञान त्याला नववीतच सोडून गेले. तरी चूकभूल पदरात घ्यावी.

त्या दिवशी मन्मथच्या मळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी "कपाळाला विभूती अन् शेडात वाईन" असे टोमणे मारणारी मंडळी सहकुटुंब हजर होती. कारण मन्मथची आई गंगम्मा महिनाभर तापाने फणफणत होती आणि हा ताप औषधाने उतरणारा नसून दारूच्या पापाचा आहे, असे तिच्या मनाने घेतले होते. त्यासाठीच विषहारी महाराजांना पाचारण केले गेले होते.

महाराजांनी टाकीतली वाईन काचेच्या पेल्यात घेतली. माणकासारखी तांबडी. त्यात चिमूटभर भस्म सोडताच ती फसफसली आणि बघता बघता निळीकाळी झाली.

"बेटा, समुद्रमंथनातलं उरलेलं हलाहल तुझ्या टाकीत उतरलंय," महाराज म्हणाले.

उरलेल्या हलाहलास आपलाच तालुका का सापडावा, हे कोणी विचारले नाही. कथकानेही नाही. तो पहिल्याच रांगेत, हात जोडून बसला होता.

मग महाराजांनी पेल्यात तीर्थ ओतले. पुन्हा फेस आला आणि वाईन पूर्ववत तांबडी झाली. बायाबापड्यांनी पदर पसरले.

"एका पेल्याचं विष आम्ही मारलं. मळ्याचं कसं मारणार? वेल मुळापासून तोड. टाक्या आमच्या टेम्पोत चढव. मठात विसर्जन करू."

मन्मथची बायको शिवकांता म्हणाली, "महाराज, विष हाय तर मठात कशाला नेताव? हितंच ओता की."

"आम्ही पचवतो, माई."

"समदं?"

"गप की गं," मन्मथ पुटपुटला. "अव्वाच्या जिवाचा सवाल हाय."

वेली दोघांनी मिळून लावल्या होत्या. पहिल्या उन्हाळ्यात शिवकांताने घागरीने पाणी घालून त्या जगवल्या होत्या. मन्मथने चुलतभाऊ व्यंकटच्या हाती कुऱ्हाड दिली आणि तोंड फिरवले. तिकडे खाटेवरून गंगम्मा म्हणाली, "तोडा बाबा. माझ्यासाठी तोडा."

जाता जाता महाराजांनी अखेरचा प्रयोग केला. आणखी एक पेला निळा करून तो शेडाच्या सिमेंटच्या नालीत ओतला. निळे पाणी वाहत मन्मथच्या पायाशी आले. मन्मथने सवयीप्रमाणे पँट घोट्यावर चढवली आणि चटकन बाजूला झाला.

"सरका, डाग पडतेत," तो माणसांना म्हणाला.

आणि तिथेच थांबला. मन्मथचे पाय डोक्याआधी शहाणे निघाले. दरवर्षी हंगाम संपला की नवराबायको टाक्या धुण्याच्या सोड्याने घासत. आत चिकटलेली वाईन अशीच निळी होऊन याच नालीने वाहत असे आणि मन्मथ अशीच पँट वर करत असे. नालीत पाहिली ती घाण, पेल्यात पाहिला तो शाप!

"व्यंकट, थांब रे. शिवकांता, सोडा आण. अन् एक लिंबू."

त्याने सर्वांसमोर वाईनमध्ये सोडा टाकला. निळी. लिंबू पिळले. तांबडी.

"हा नास्तिकाचा अहंकार आहे," महाराज गरजले. "आमच्या भस्मात सोडा नाही."

"मग परसाद द्या की चिमूटभर." मन्मथने भस्म घेतले आणि पूजेच्या वाटीतल्या हळदीच्या पाण्यात टाकले. पिवळे पाणी लालभडक झाले. "अव्वा, हळदीच्या लुगड्याला साबण लागला की काय होतंय?"

"लाल डाग पडतोय," गंगम्मा म्हणाली. मग उठून बसली. "म्हंजी महाराज सोडाच फासून राहिलेत व्हय कपाळाला?"

कोणीतरी हसले. महाराजांना मठातल्या पूजेची आठवण झाली. टेम्पो रिकामाच गेला.

मन्मथ आईपाशी बसला. "मी येडा. दर साली हाताने धुतो अन् आज हात जोडून बसलो. पण अव्वा, आता तरी डॉक्टरचं ऐक. गोळ्या घेतल्यास ना?"

गंगम्माने पानाची चंची सोडली. सुपारीच्या खाली महिनाभराच्या गोळ्या जशाच्या तशा होत्या.

"शाप गोळीनं उतरत न्हाई म्हणून ठेवल्या," ती म्हणाली. "आता ताप हाय म्हणतूस तर दे पाणी."

"ह्या जुन्या न्हाईत घ्यायच्या, अव्वा. चल, पुन्हा दवाखान्यात."

वाचकहो, द्राक्षाच्या सालीतला रंग आंबटात तांबडा राहतो आणि सोड्याने निळा होतो. एवढेच ते हलाहल. चमत्कार दिसल्यास हात जोडण्यापूर्वी तेच हात एकदा घरच्या सामानाला लावून पाहावेत आणि ताप आल्यास डॉक्टरला दाखवावे, गोळी चंचीत नव्हे तर पोटात घालावी. गंगम्मा बरी झाली. वेलींना यंदाही घोस आले.

ज्यांनी येथवर वाचण्याचे कष्ट घेतले, त्यांचा पहिल्या रांगेतला हा भाविक ऋणी आहे.

नरसिंग बिराजदार, निलंगा